अर्ध्या गोळीचा वाटा

पिशवीत गोळ्यांची सतरा रिकामी पाकिटं होती, मलमाच्या तीन पिळून सपाट झालेल्या ट्यूब आणि कागदात गुंडाळलेली एक अर्धी गोळी. पुष्पलताकाकींनी हे सगळं आमच्या लॅबच्या काउंटरवर ओळीने मांडलं. आधी घेतलेली औषधं दाखवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. काकींनी दोन वर्षांची आणली होती.

"एवरी औषधं भितीला दिली असती," त्या म्हणाल्या, "तं भितीची ओल पन गेली असती."

पाकिटांवर एकच नाव होतं: फ्लुकोनाझोल, दीडशे मिलिग्रॅम. योनीमार्गाच्या बुरशीवर दिली जाणारी गोळी, पाकिटात एकच. मी नमुन्याच्या नळीवर सोमवारची तारीख घातली आणि ती अर्धी गोळी कसली म्हणून विचारलं.

"ती चांदनीची. माजे जावेची."

मोरव्याच्या त्यांच्या घरात काहीही आलं की दोन चुलींत वाटा पडतो. मिठागर होतं तेव्हापासूनची रीत. मासळीचा पडतो, तसा डोकेदुखीच्या गोळीचाही. खाज दोघींनाही होती. गावातला केमिस्ट "वोही वाला?" असं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारतो. म्हणून दोघींनी दोनदा जाण्याऐवजी एकीने जायचं, घरी येऊन गोळी विळीवर कापायची. मी मनात हिशेब केला. सतरा अर्धुकं म्हणजे दोन वर्षांत साडेआठ गोळ्या.

काकी शाळेच्या बसवर मुलांना सांभाळतात. शांती नगरच्या फेऱ्यांत सहा तास इंजिनजवळच्या गरम सीटवर बसावं लागतं. लॅबमध्ये मी तीनदा खुर्ची दाखवली, त्या बसल्या नाहीत.

मग आवाज खाली आला. नवरा, काळूराम, दिवाळीपासून बाहेर ओटीवर झोपतो. हा रोग बाईला बाहेरून लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याने काकींच्या भावाला निरोप धाडला होता. भाऊ रविवारी न्यायला येणार होता, आणि या खेपेला परत आणून सोडायचं बोलणं नव्हतं.

"सेहेचालीस वर्सांची हाय मी. पोरगी लग्नाची झाली. तुजे कागदावं लिव ना बाय, हे बाहेरचा न्हाय."

मी समजावलं. ही बुरशी कित्येक जणींच्या शरीरात असतेच, संधी मिळाली की वाढते. कोणाच्या वागण्याशी तिचा संबंध लावता येत नाही.

"तू सांगतंस. तो कुटं ऐकतोय? त्याला कागूद पायजे. नायतं मी बरी तरी व्हाया पायजे."

मी आत जाऊन लॅबप्रमुख कौस्तुभ सरांना तसं लिहिता येईल का विचारलं. ते मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले, "आपण आकडे देतो, अनुष्का. बाकी डॉक्टर बोलतील." त्यांचं चूक नव्हतं.

निघताना काकी दारात थांबल्या. अख्खी गोळी घेतली तर?

"अख्खीच घ्यायची असते, काकी," मी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला, की ‘पण आधी रिपोर्ट येऊ दे’ हे पुढचं वाक्य माझ्याच्याने बोलवलं नाही.

बुधवारी नमुन्यातून बुरशी उगवली होती. मी ती नव्या प्लेटवर सारखी पसरली आणि मधोमध फ्लुकोनाझोलची चकती ठेवली. ही चकती कागदाची असते, व्यास सहा मिलिमीटर. औषध लागू पडत असेल तर तिच्याभोवती बुरशी उगवत नाही, स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते चकतीसकट मोजायचं; वर्तुळ पडलंच नाही, तर चकतीचाच आकडा लिहायचा. वर्तुळ जितकं मोठं तितकं औषध चांगलं.

दुपारी काकी बसवरून थेट आल्या.

"सोमवारीच घेतली, अख्खी. चांदनीला सांगितला, दुकानात गोली न्हाय." त्या काउंटरची कड बोटाने पुसत राहिल्या. "बावीस वर्सांत पयल्यांदा तिचा वाटा खाल्ला."

मी खाजेचं विचारलं.

"कमी वाटतंय," त्या म्हणाल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या उभ्याच राहिल्या.

शुक्रवारी सकाळी लॅब उघडली तेव्हा त्या पायरीवर होत्या. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस खिशात हात घालून उभा होता, इकडे न बघता.

"पोरीचे बापाला मीच आनलंय," काकी म्हणाल्या. "बोलले, आज चल, तुज्या डोल्यांनी बघ."

मी आत गेले. प्लेट उजेडाकडे धरली, मागून पट्टी लावली. पुसून पुन्हा लावली. मग रजिस्टर उघडून त्यांच्या नावासमोर लिहिलं.

फ्लुकोनाझोल: सहा मिलिमीटर.