बाजूच्या सीटवरचा ब्रेक

शाल्मलीची एक खोड सुमनबाईंच्या डोक्यात जायची. गाडीत शेजारी बसली की ही बाई पायाने ब्रेक दाबायची. ब्रेक तिच्या बाजूला नव्हताच! नुसतं मॅट होतं, आणि सुनेची टाच घासून घासून त्या मॅटला टक्कल पडलं होतं.

"सून आहेस का ड्रायव्हिंग शिकवणारी मास्तरीण?" सुमनबाई विचारायच्या. "मी हॅरोत गाडी चालवायला लागले तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस."

"सवय आहे हो आई नुसती," असं म्हणून शाल्मली खिडकीबाहेर बघायची.

गाडीवरून सुमनबाईंना कोणी बोललेलं खपायचं नाही, त्याला कारण होतं. त्या चौथी शिकलेल्या. नवरा डॉक्टर, म्हणून विलायतेत, लंडनजवळच्या हॅरोत आल्या. नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या बायका सगळ्या बीए, एमए, आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये एकेक जण दोनदोनदा आपटलेली. सुमनबाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. इंग्रजी वाचायला शिकल्या तेच मुळी रस्त्यावरच्या पाट्यांवरून. नवरा गेला, पण लायसन्स राहिलं. आयुष्यात बाईने स्वतःच्या नावावर कमावलेली तेवढी एकच गोष्ट. ती कोण सोडेल?

पण गेल्या वर्षभरात डाव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं होतं. समोरून गाडीचे दिवे आले की ते कापसासारखे पसरायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःला सुद्धा त्या 'इथली हवाच दमट' असं सांगायच्या.

घरात सगळ्यांना कळलं होतं. पण बोलायचे कसे? शाल्मली म्हणायची, "आई, आज बसने जाऊ या का?" नाहीतर, "आई, पुढे सिग्नल आहे का हो?" मुलगा सुश्रुत डॉक्टर. पेशंटला तोंडावर सांगतो, सिगारेट सोड नाहीतर मरशील. आईला सांगायची वेळ आली तेव्हा त्याने फ्रिजवर चष्म्याच्या दुकानाचं पत्रक लावलं आणि ड्यूटीवर पळाला. सुमनबाईंनी त्या पत्रकावर चकल्या निथळत ठेवल्या.

सरळ बोलली ती एकटी मायरा, नात, आपल्या मोडक्या मराठीत. "आजी, तुझा गाडी मला स्कॅरी वाटते. तू बघतच नाहीस."

लगेच शाल्मलीनेच तिला दटावलं. "आजीशी असं बोलतात का? सॉरी म्हण आधी."

पोरीने सॉरी म्हटलं. आणि रोज शाळा सुटली की त्याच गाडीत मागे बसून घरी येत राहिली, सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरून.

हे घर काही जगावेगळं नाही. तुमचं आमचं असंच आहे. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, हे आपण पोरांना दुधाबरोबर पाजतो. पण उलटून बोलणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं, हे कधी पाजतो का? याच घरात सून विमान उडवायला शिकत होती. आता बोला!

शाल्मलीला को-पायलटची नोकरी मिळायची होती. त्याआधी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका ट्रेनिंग सेंटरमध्ये सिम्युलेटरवर तयारी चालली होती. सिम्युलेटर म्हणजे खोटं विमान. पण आत सगळं खऱ्यासारखं. हात चांगला होता तिचा, अभ्यास चोख. एकाच ठिकाणी अडलं होतं. मागच्या परीक्षेत तिला नापास केलं ते "बोलत नाही" म्हणून. उद्या परत परीक्षा. उद्या नापास झाली की नोकरी गेली.

आज शेवटचा सराव होता. तो घ्यायला कॅप्टन चंद्रशेखर येणार होते. उद्याच्या परीक्षेच्या कागदावर सहीही त्यांचीच. ते जुने वैमानिक, रिटायर होऊन आता शिकवायचे. हॅरोतल्या मराठी मंडळात ओळख, म्हणून सुमनबाईंना ते वहिनी म्हणत. "तुम्हीही या वहिनी," त्यांनी फोनवर सांगितलं, "सून काय करते ते बघा. मागे बसायची परवानगी काढलीय मी."

"येते की. मीच आणते तिला गाडीने," सुमनबाई म्हणाल्या. "परीक्षेच्या तोंडावर तिने कशाला चालवायची?"

पलीकडून एक खाकरणं ऐकू आलं. मग चंद्रशेखर म्हणाले, "बरं. सावकाश या."

डिसेंबरची दुपार. दिवस असून दिवस नाही, असं आभाळ. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. वायपर काचेवरून जायचा आणि काच पुन्हा पहिल्यासारखी. शाल्मलीचा पाय मॅटवर.

"आई, जरा जास्तच भिजलाय ना रस्ता?"

"पावसात रस्ता भिजणार नाही तर काय वाळणार?"

स्लाऊच्या अलीकडे एक झेब्रा क्रॉसिंग आलं. सुमनबाईंना पट्टे दिसले ते चाकाखाली आल्यावर. तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूवर धाडकन थाप बसली. आरशात एक माणूस छत्री हलवत ओरडत होता.

"कोण मेला? दुसऱ्याच्या गाडीवर हात मारतो!"

शाल्मलीचा चेहरा पांढरा पडला होता. तो माणूस क्रॉसिंगच्या मधोमध होता. त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावरून गाडी गेली होती. तिने ते सगळं पाहिलं होतं, आधीपासून. तोंड उघडून ती म्हणाली काय, तर, "थोडं थांबून चहा घेऊ या का आई?"

"उशीर होतोय," म्हणून सुमनबाईंनी वेग वाढवला.

ट्रेनिंग सेंटर बाहेरून गोदामासारखं होतं. आत उंच लोखंडी पायांवर एक पांढरा डबा उभा. एका छोट्या पुलावरून आत जायचं. दोघी आत गेल्यावर पूल मागे सरकला. आता खाली उतरायची सोय नव्हती.

आत अंधार, शेकडो दिवे. डाव्या सीटवर कॅप्टन म्हणून चंद्रशेखर, उजव्या सीटवर शाल्मली. मागच्या टेबलापाशी हेदर नावाची गोरी इन्स्ट्रक्टर. धुकं किती, वारा किती, हे ती बटणांनी ठरवायची. तिने सुमनबाईंचा पट्टा आवळला आणि हळूच म्हणाली, "घाबरू नका, खरं काही नाही."

डबा हलला आणि सुमनबाईंचं शरीर ते विसरलं. पाठ सीटला दाबली गेली. खिडकीबाहेर जमीन सुटली, ढग आले. मग उतरायची वेळ झाली. डोंगरातलं विमानतळ, आणि बाहेर नुसतं राखाडी.

पुढे काय चाललंय ते सुमनबाईंना कळत नव्हतं. पण शाल्मलीचा आवाज कळत होता. तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता.

"सर, आपण थोडे खाली तर नाही ना?"

"ठीक आहे," चंद्रशेखर म्हणाले. मुद्दाम. विमान खालीच नेत राहिले.

"सर, उंची एकदा बघायची का?"

"बघतोय मी."

समोरच्या पडद्यावर एक आकडा लाल झाला. यंत्रातली बाई ओरडायला लागली, वर घ्या, वर घ्या! राखाडीतून काळं काहीतरी पुढे येत होतं. सुमनबाईंनी सीटचा दांडा घट्ट पकडला. बोल की, त्यांच्या मनात आलं. अगं, दिसतंय ना तुला? बोल!

शाल्मली बोलली नाही. आणि तेव्हा सुमनबाईंची नजर खाली गेली. हातभर अंतरावर सुनेचे दोन्ही पाय खालच्या पेडलवर दाबलेले होते. कचकन. जीव खाऊन.

तोच पाय! तीच टाच!

त्या पेडलवर चाकांचे ब्रेक असतात. ते जमिनीवर चालतात. आकाशात दाबून काय उपयोग?

डब्याला एक दणका बसला. पडदे लाल झाले आणि सगळे आवाज एकदम बंद पडले. तसली शांतता सुमनबाईंनी फक्त नवरा गेला त्या खोलीत ऐकली होती.

खाली कॅन्टीनमध्ये चहा घेताना चंद्रशेखरांनी शाल्मलीला विचारलं, "डोंगर तुला दिसला होता?"

"हो काका."

"माझ्या आधी?"

"बराच आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. दोनदा."

"तू विचारलंस. सांगितलं नाहीस. 'खाली तर नाही ना' म्हणजे काय? मला वाईट वाटू नये म्हणून तू माझ्याबरोबर मरायला तयार झालीस! मागच्या माणसांनी काय करायचं? त्यांना कोणी विचारलं?" ते पुढे झुकले. "पोरी, अशी खरी विमानं पडली आहेत. शेजारच्याला सगळं दिसत होतं आणि तो भिडेपायी गप्प होता. म्हणून तर हा डबा बांधलाय. कॅप्टनने इथे चुकायचं आणि तू इथे बोलायला शिकायचं. इथे मेलो तर खाली येऊन चहा पितो. बाहेर चहा नाही."

शाल्मलीने कप बाजूला सारून वही उघडली.

"आधी सांग काय चुकतंय. मग सांग काय करायचं. तरी ऐकलं नाही, तर 'कंट्रोल माझ्याकडे' म्हण आणि घे. त्यात अपमान नाही. खरा कॅप्टन नंतर आभार मानतो. उद्या गप्प बसलीस तर मी सही करणार नाही. मग तू माझ्या पोटची मुलगी का असेनास."

मग ते सुमनबाईंकडे वळले. "वहिनी, तुम्ही मागून बघत होतात. तो लाल आकडा दिसत होता ना?"

सुमनबाईंना लाल दिसलं होतं. आकडा नव्हता दिसला. नुसता एक डाग. "दिसला की," त्या म्हणाल्या. "न दिसायला काय झालं?"

चंद्रशेखरांनी त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतून पार्किंगमधल्या गाडीकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि चहाचा घोट घेऊन मिटलं.

बघा! आत्ताच एवढं शिकवलं, आणि वहिनींच्या पुढे त्यांचीही वाचा गेली. ही भीड अशीच असते. शहाण्यालाही सोडत नाही.

बाहेर आल्या तेव्हा साडेचारच झाले असतील, पण अंधार पडला होता. सुमनबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. किल्ली हातात होती. तो पाय डोळ्यांपुढून जात नव्हता. त्यांना वाटत होतं, आपल्याला कोणीतरी अडवावं. पण मला अडव, असं म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी गाडी सुरू केली.

"शाळेच्या क्लबमधून मायराला घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "उशीर झालाय."

ट्रेडिंग इस्टेटच्या रस्त्यावर दिवे लागले होते. ते एकेक करून कापसासारखे पसरले. गोदामांची पाळी सुटली होती. काळी जाकिटं, काळ्या टोप्या, माणसं माना खाली घालून रस्ता ओलांडत होती. सुमनबाईंना दिसत होता फक्त पाऊस आणि पाण्यावर हलणारा उजेड. गाडी पुढे जात होती.

शाल्मलीचा पाय मॅटवर गेला. मग तिने तो पाय उचलला.

"आई, समोर माणसं आहेत. थांबा!"

"कुठे आहेत? काही नाही तिथे."

"ब्रेक दाबा!" सुमनबाईंचा पाय अडखळला, आणि शाल्मलीने मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. "गाडी माझ्याकडे!"

गाडी घसरत, आडवी होत थांबली. बॉनेटच्या पुढे, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, एक बाई उभी होती. जेवणाचा रिकामा डबा छातीशी धरून. तिचे डोळे सुमनबाईंना दिसले. एवढ्या जवळून सगळं दिसतं. मग ती बाई निघून गेली.

वायपर चालू होता.

"तुम्हाला दिसत नाही, आई," शाल्मली म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मला कधीपासून माहीत आहे. मघाशी त्या क्रॉसिंगवर तुम्ही एका माणसाला मारलं असतंत. तुम्ही आजपासून गाडी चालवायची नाही. मायराला घेऊन तर कधीच नाही. डॉक्टरला डोळे दाखवायचे, लायसन्सवाल्यांना कळवायचं. किल्ली द्या."

काय ही जीभ! सुमनबाईंची कानशिलं तापली. आजवर त्यांच्यापुढे नवऱ्यानेही असा आवाज काढला नव्हता. त्यांनी उत्तर तयार केलं, चांगलं झोंबेल असं. ते ओठावर आलं. आणि समोर त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं, जिथे आत्ता बाई उभी होती. सुनेने रोजच्यासारखं 'आई, पुढे कोणी आहे का हो?' विचारलं असतं तर?

पाय दाबून काही थांबत नाही. मनातल्या मनात ओरडून कोणी वाचत नाही. मंडळी, आपल्या माणसाला तो चुकतोय हे तोंडावर सांगणं हा अपमान नाही. तीच खरी माया आहे. आणि ते ऐकून घेणं हाच खरा मोठेपणा. सिम्युलेटर वैमानिकांना हे शिकवतो. आपल्या घरात तसला डबा नाही, म्हणून आपण रोज खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांवर सराव करतो. तो थांबवा! ज्या घरात सून, लेक, नातवंडं धीटपणे बोलतात, त्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या हातून खून होत नाहीत.

सुमनबाईंनी किल्ली काढली. बराच वेळ मुठीत धरली. मग दार उघडून पावसात उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. तोवर ड्रायव्हरच्या सीटवर सरकलेल्या शाल्मलीने किल्ली घेतली, आरसे नीट केले, सीट पुढे ओढली. गाडी सरळ रस्त्याला लागली. समोरून एक लॉरी आली, आणि टक्कल पडलेल्या त्या मॅटवर एक चप्पल घट्ट दाबली गेली.

सुमनबाईंनी खाली पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"उद्या चंद्रशेखर सही करो न करो, माझ्याकडून तू पास," त्या म्हणाल्या. "आज मायराला सॉरी मी म्हणणार. तू नुसती उभी राहा बाजूला. आणि हा माझा पाय दिसला ना? हसलीस तर बघ."