आखरावरचा आडवा बांबू

मी बांबू आहे. आखरावरच्या गोलचा आडवा बांबू. मुली मला बार म्हणतात. माझ्या दोन्ही बाजूंचे खांब सागाचे होते. त्यांचं त्यांनी सांगावं. मी माझं सांगतो.

आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. सकाळी गावची गुरं ज्या मोकळ्या जागी जमतात, ते आखर. गुरं रानात गेली की तिथे फुटबॉल. मला लालसूनं तोडलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं, म्हणजे कीड लागत नाही. महिनाभर तळ्यात बुडवलं. मग चढवलं.

पावसाळ्यात आखरावर पाणी साचतं. मृग लागला की मला उतरवायचे आणि लालसूच्या घरी चुलीच्या वर, छपराखाली टांगायचे. चार महिने धूर खायचा. डोळे असते तर मी आंधळा झालो असतो. पण त्या धुरानंच मी काळा आणि कडक झालो. बारा वर्षं टिकलो. बाहेर पडून राहिलेल्या बांबूला एवढं आयुष्य नसतं.

लालसूचा चेंडू मी पुष्कळ खाल्ला. पोरगा चांगला होता. नागपूरला गेला. मोठा क्लब नव्हे, खालच्या गटातला. पण चार हंगाम खेळला. पाचव्या पावसाळ्यात मी छपराखाली होतो, तेव्हा तो लंगडत घरात आला.

आईनं विचारलं, "का झालं रे?"

"गुडघा सुजला होता. क्लबच्या साहेबानं सुई मारली. मंग दुखलं नाई, म्हणून खेळलो."

"तुले नाई म्हणता आलं नाई?"

"म्हटलं असतं त बेंचवर बसवलं असतं, माय."

आईनं चुलीत लाकूड सारलं. धूर वर आला.

दोन वर्षं लालसू आखराकडे फिरकला नाही. मग एक दिवस गळ्यात शिट्टी घालून आला. गावातली पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, म्हणून त्यानं मुलींची टीम केली. लोक हसले. वर्षभरात हसायचे थांबले. रंजीता नावाची मुलगी पुढे खेळायची. तिच्यासारखा फटका मी लालसूनंतर खाल्ला नव्हता.

लालसू कडक होता. मला कडक माणसं आवडतात. पण कडकपणातही फरक असतो. एखादी पडली की तो म्हणायचा, "रडाचं त घरी जाऊन रड." हे शब्द त्याचे नव्हते. ते त्यानं नागपूरहून आणले होते.

यंदा मुलींच्या स्पर्धेची फायनल आमच्या आखरावर होती. जिंकणारी टीम नागपूरला खेळणार, लालसूचा गुडघा गेला त्याच मैदानावर. तिथे आपली टीम घेऊन उतरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पाच दिवस आधी रंजीताचा पाय गुराच्या खुराच्या खड्ड्यात मुरगळला. गावात बायनाबाई हाडं बांधते. तिनं पाला लावला, बांबूच्या कामट्या घातल्या, दोरीनं बांधलं. आठ दिवस टेकायचा नाही म्हणाली. आमच्याकडे रीत आहे. जो बांधतो, त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं गाठीला हात लावायचा नाही.

मॅचच्या सकाळी लालसूनं रंजीताला माझ्याखाली बसवलं.

"दुखून राह्यलं काय?"

"थोडंसं. पण बाईनं सोडाले नाई सांगतलं, भाऊ."

"एका मॅचचं काम आहे. स्प्रे मारतो, पट्टी बांधतो. नागपूरले असंच करते."

"असंच केलं म्हणूनच त तुमचा गुडघा गेला ना?"

ती हसत म्हणाली होती. लालसू हसला नाही. मग खिशातून पातं काढून त्यानं गाठ कापली. तिनंही पाय मागे घेतला नाही. तिलाही नागपूर बघायचं होतं.

मॅच एक-एक अशी अडकली. शेवटची दहा मिनिटं राहिली. रंजीतानं दुरून फटका मारला. गोलकीपरला दिसलाही नाही. चेंडू माझ्यावर आदळला.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मी वाकत नाही, असं मी आयुष्यभर मानलं. पण मधोमध मी दोन बोटं खाली वाकलो होतो. लालसूनं ते पाहिलं होतं. यंदा चालते, म्हणाला होता. मी सरळ असतो, तर चेंडू आत गेला असता. तो परत उडाला. डोक्यानं मारायला रंजीता उडाली आणि त्याच पायावर पडली.

मोडण्याचा आवाज बांबूला कळतो.

बायनाबाई गर्दीतून आली. पायाकडे पाहिलं. "गाठ कोणं सोडली?"

"मी," लालसू म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जीप येवोस्तोवर बांधा लागते. बांबू दे. ओला नको, वाकते. धुरातला दे."

लालसूनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडचे पुरुष खांद्यावर कुऱ्हाड घेऊनच मॅच बघतात. त्यानं एकाची कुऱ्हाड घेतली. पंच धावत आला. "लालसूभाऊ, बार काढला त मॅच गेली तुमची."

"गेली त गेली."

त्यानं मला उतरवलं आणि एका बाजूनं चार हात तोडलं. मला दुखलं नाही. धुरात वाळलेल्याला दुखत नाही. त्या तुकड्याच्या बायनाबाईनं कामट्या केल्या. लालसू रंजीताचा पाय धरून बसला होता. ती ओरडत होती. या वेळी तो काही म्हणाला नाही.

बायनाबाई जीपमध्ये बसून गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली. तिथे तिनं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. मग डॉक्टरांना म्हणाली, "आता तुमचं तुम्ही पाहा."

त्याला दोन महिने झाले. पायात सळई टाकली आहे. खेळेल की नाही, कोणी सांगत नाही. लालसू रोज तिच्या अंगणात जाऊन बसतो. ती आतून बाहेर येत नाही. तो दिवेलागणीला परततो, चुलीपाशी बसतो, वर बघत नाही. शिट्टी त्यानं माझ्याच टोकाला टांगली आहे. ती धुरानं काळी पडली आहे.

हो, मी पुन्हा छपराखाली आहे. उरलेला अकरा हात. आखरावर लोखंडाचा बार येणार म्हणतात. येऊ द्या. लोखंड वाकत नसेल.

माझं एकच मागणं आहे. आता काय उपयोग म्हणून मला चुलीत घालू नका. माझ्यातून अजून पुष्कळ कामट्या निघतील. मला धुरात राहू द्या. आखरावर मुली पुन्हा खेळणार आहेत. आणि लालसूला कोणीतरी सांगा, एकदा वर बघ म्हणावं.