यामे म्हणेपर्यंत

मी एक जुना मकिवारा आहे. नुसता खुंट म्हणालात तर राग येईल, आधीच सांगून ठेवतो. निम्मा मातीत पुरलेला, निम्मा वर, आणि छातीशी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. ओकिनावा बेटावर, नाहा शहरातल्या एका बोळात योनामिने सेन्सेईंचं, म्हणजे कराटेच्या गुरुजींचं, अंगण आहे, तिथे मी उभा असतो. कराटे शिकणारी पोरं मला ठोसे मारतात. मी जरासा मागे वाकतो आणि पुन्हा ताठ होतो. मला हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

मित्रांनो, सेन्सेईंच्या वडिलांनी मला युद्धात पडलेल्या घराच्या तुळईतून तासलं. घर गेलं, मी राहिलो. पुढे किती वादळं आली, छपराची कौलं उडाली, पण मी माती सोडली नाही.

अंगणात उभ्या उभ्या मलाही शब्द पाठ झाले. रेई म्हणजे नमस्कार. हाजिमे म्हणजे सुरू करा. इची, नी, सान, शी ही मोजणी. आणि यामे म्हणजे थांबा. यामे म्हणायचा हक्क फक्त गुरूचा. तो शब्द कानावर पडला की उगारलेला हात हवेतच थांबला पाहिजे, आणि तो येईपर्यंत बोटं सोलली तरी थांबायचं नाही. एकदा सेन्सेई यामे म्हणायचं विसरून आत चहा प्यायला गेले. त्यांचा मुलगा केन्शिन तेव्हा लहान होता. ते दुसरा पेला संपवून बाहेर आले, तरी तो बिचारा मला बडवतच होता.

तो मोठा होऊन संसाराला लागल्यावर शेजारच्या भाजीवाल्या बाईंची नात मिओ शिकायला आली. आळीपाळीने मोठ्याने मोजायचं असतं. तिची पाळी आली की पोरं म्हणायची, "कुठे मांजर ओरडतंय का रे?" ती रडवेली व्हायची.

सेन्सेईंनी तिला माझ्यासमोर उभं केलं. "हा म्हातारा ठार बहिरा आहे. याला ऐकू जाईल असं बोल."

बहिरा! आणि मी! मिओ रोज संध्याकाळी माझ्या दोरीवर तळहात ठेवून एकेक शब्द म्हणायची. सेन्सेई ओसरीवरून ओरडायचे, "घशातून नको, पोटातून काढ! शब्द फेकायचा नाही, रोवायचा!"

गेल्या हिवाळ्यात सेन्सेईंना झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. वर्ग बंद पडला. माझी दोरी कुजली आणि माझ्या डोक्यावर पायपुसणी वाळू लागली. ती पायपुसणी मी विसरलेलो नाही.

मग एका सकाळी केन्शिन करवत घेऊन आला. मिओ कारली द्यायला आली होती. तो तिला म्हणाला, "बाबांना दवाखान्यात न्यायला गाडी दारापर्यंत यायला हवी. हा मधेच उभा. काय करू सांग?"

त्याचं काही खोटं नव्हतं. पण ओसरीवर चाकांच्या खुर्चीत सेन्सेईंचे ओठ हलत होते. कोणता शब्द तो, मला कळला. आवाज मात्र फुटत नव्हता. करवतीचे दात माझ्या बुडात शिरले.

"यामे!"

छपरावरची पाखरं उडाली. केन्शिनचा हात जागच्या जागी थांबला. त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग वळून मिओकडे.

"कोणाला म्हणालीस?"

"तुम्हाला, केन्शिनदादा." तिने तळहात माझ्या कुजक्या दोरीवर ठेवला.

"मग गाडी काय डोक्यावर लावू?"

"फाटकाबाहेर लावा. सेन्सेईंना आम्ही खुर्चीसकट उचलून नेऊ. मी वर्गातल्या सगळ्यांना बोलावते."

"तू? तुझं कोण ऐकणार गं?"

"तुम्ही नाही का ऐकलंत?"

तेवढ्यात सेन्सेईंनी मिओकडे पाहत हळूहळू मान झुकवली. रेई. गुरूने शिष्येला आधी केलेला नमस्कार मी तरी पहिल्यांदाच पाहिला. केन्शिनने करवत खाली ठेवली.

आता दवाखान्याच्या दिवशी पोरं खुर्ची उचलतात आणि मिओ मोजते, इची, नी, सान. तिला मांजर म्हणणारा तिच्याच तालावर पाऊल टाकतो. वर्ग पुन्हा भरू लागला आणि मला नवी दोरी मिळाली. बुडाशी करवतीची खाच आहे, ती कोणी बुजवायची नाही.

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. मी मार खायलाच उभा आहे. जपायचाच असेल तर ज्याची थट्टा होते तो बारीक आवाज जपा. एक दिवस तो तुमच्याही उपयोगी पडेल. बाकी माझी काळजी सोडा. या, मुठी आवळा आणि मारा. मला अजून कोणी यामे म्हटलेलं नाही.