दोन दिवस आधी निघालेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी टेकणकाठी आहे. आमच्या डोंगरात मला टोकमा म्हणतात. खाली लोखंडी टोक, वर आडवी दांडी, आणि उंची माणसाच्या कमरेपेक्षा थोडी कमी. चढावर दम लागला की भारेकरी पाठीवरची टोपली उतरवत नाही. तो मला मागे टोपलीच्या बुडाखाली लावतो, सगळा भार माझ्यावर टाकतो आणि चार श्वास घेतो. माझे आयुष्य त्या चार श्वासांत गेले. काठी म्हणजे निर्भय असे तुम्हाला वाटत असेल. मी मात्र पहिल्यापासून भित्री आहे, आणि ही गोष्टही एका भीतीचीच आहे.

माझा आताचा धनी भारेकरी उर्ग्येन. त्याच्या वडिलांनी मला अक्रोडाच्या फांदीतून घडवले. मिठाची पोती, पीठ, एकदा तर मठाची पितळी घंटा, सगळे मी पेलले. "ही काठी नव्हे, माझा तिसरा पाय आहे," असे ते चारचौघांत सांगत, आणि मी फुलून जाई. ते गेले आणि माझे दिवस फिरले. दोन हिवाळे मी चुलीमागे धुरात पडून होते. तिथेच उष्णतेने माझ्या मानेला, आडव्या दांडीच्या अगदी खाली, एक चीर गेली. काजळीने ती बुजली, म्हणून कुणाला दिसली नाही. मला मात्र ती रोज टोचत होती.

अशात एक दिवस उर्ग्येनने मला बाहेर काढले. खिंडीपलीकडच्या लुरी गावात पहिल्यांदाच दवाखाना उघडणार होता. तिथे जाणारी नर्स बिमला खालच्या गरम मुलखातली होती. तिला आणि औषधांना वर पोहोचवायचे काम उर्ग्येनने अंगावर घेतले होते.

बेत मात्र त्याच्या बायकोने, यांगझोमने आखला. लग्नाआधी दहा वर्षे ती याकांच्या तांड्याबरोबर त्याच वाटेने मीठ आणत असे. तिने चुलीपुढे तीन बटाटे मांडले आणि त्यांच्यापलीकडे मिठाचा खडा ठेवला.

"हे साल्दा. इथे एक रात्र. पूल वाहून गेलाय, तेव्हा वरच्या अंगाने जा. हे नामखुंग, इथे दोन रात्री. हे शिंगमो, इथेही दोन. आणि हा खडा म्हणजे खिंड."

"नामखुंगला दोन रात्री कशाला?" उर्ग्येन हसला. "तिथली सोयरीक जुळवायचीये का माझी?"

"तुला कोण पत्करतंय! त्या पोरीसाठी म्हणते मी. ती खालची आहे. उंचावरचा वारा तिच्या अंगात हळूहळू मुरू दे. डोकं दुखलं, ओकारी झाली, तर पुढे एक पाऊलही टाकायचं नाही. खिंडीला घाई चालत नाही, बाबा."

मग तिने माझ्या दांडीवर पाच तांबडे दोरे बांधले. एका रात्रीचा एक दोरा. रोज सकाळी एक सोडायचा. पाचही सुटले की खिंड चढायची. बुधवारी निघाले तर तो दिवस पौर्णिमेचा येत होता. त्या दिवशी लुरीचे लोक याक घेऊन खिंडीच्या माथ्यावर येणार होते. पलीकडच्या उतारावर कमरेएवढे बर्फ होते आणि याकांनी वाट तुडवल्याशिवाय तिथून उतरणे शक्य नव्हते.

बेत चोख होता. पण लामांनी निघण्याचा मुहूर्त सोमवारचा काढला आणि बिमला औषधांची खोकी घेऊन येणार होती बुधवारी. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. प्रवाशाची एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. ती पुन्हा घरात आणायची नाही. सोमवारी सकाळी माझेच प्रस्थान ठेवले, शेजारच्या फुन्छोक म्हाताऱ्याच्या ओसरीवर.

फुन्छोक फार श्रद्धाळू. त्याने मला तुपाचे बोट लावले, माझ्याशी गप्पाही मारल्या. मंगळवारी सकाळी तो म्हणाला, "चला, एक रात्र झाली," आणि त्याने एक दोरा सोडला. बुधवारी दुसरा सोडला. मित्रांनो, हा हिशेबच चुकला! अजून कुणी उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता. पण काठीला तोंड नसते.

बुधवारी उर्ग्येन पाठीवर टोपली घेऊन मला न्यायला आला. "बाबा, दोरे तीनच कसे?"

"दोन रात्री काढल्या ना तिने माझ्याकडे! प्रवासातल्या काठीची हेळसांड कशी करीन?"

उर्ग्येनने मान डोलावली. त्यालाही ते पटले. त्याच्या हिशेबी आम्ही खरोखरच दोन मुक्काम पुढे होतो.

साल्दाला एक रात्र झाली. नामखुंगला पोहोचलो तेव्हा बिमलाने कपाळाला फडके घट्ट बांधले होते. सकाळी उर्ग्येनने दोरा सोडला तशी ती म्हणाली, "दादा, वहिनी इथे दोन रात्री म्हणाल्या होत्या ना?"

"दोन रात्री ओसरीवर झाल्या, डॉक्टरीणबाई. काठी निघाली म्हणजे आपण निघालो. उशीर झाला तर याक निघून जातील."

तिने कपाळावरचे फडके आणखी आवळले आणि ती चालू लागली. शिंगमोला तिने भिंतीआड जाऊन ओकारी केली आणि तोंड पुसून आली. मी तिथेच टेकलेली होते, मी पाहिले. पहिल्याच नोकरीत आपण नाजूक ठरू नये, एवढ्यासाठी तिने ते लपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा शेवटचा दोरा सुटला. त्या दिवशी मला जेवढी भीती वाटली तेवढी कड्यावरूनही कधी वाटली नव्हती.

दुपार कलता कलता आम्ही माथ्यावर आलो. दगडांची रास होती, फडफडणाऱ्या पताका होत्या. याक नव्हते. शेण नव्हते, पावलांचा ठसा नव्हता. पलीकडे कोरे बर्फ खालपर्यंत पसरले होते. उर्ग्येनने हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

तेवढ्यात पूर्वेच्या सुळक्यावर चंद्र वर आला. दिवसाउजेडीचा, फिकट. आणि त्याची एक कड खाल्लेली होती.

उर्ग्येन त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्या रिकाम्या दांडीवरून बोट फिरवले. "दोन दिवस," तो पुटपुटला. "अजून दोन दिवस आहेत पौर्णिमेला."

मागे बिमला हसली. दगडांच्या राशीपुढे बसून ती म्हणत होती, "आई, दार उघड ना. किती वेळ झाला." त्याने तिला उभे केले. दोन पावले टाकून ती दारू प्यायल्यासारखी कोलमडली. आमच्या डोंगरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. खाली नेले नाही तर असा माणूस सकाळ पाहत नाही.

तरी उर्ग्येन क्षणभर थांबला. प्रस्थान ठेवलेली काठी मागे फिरवणे हा मोठा अपशकुन. त्याच्या वडिलांनी मला जन्मात कधी अर्ध्या वाटेतून मागे फिरवले नव्हते. मी मनात आक्रोश करत होते, "फिरव मला! जो काही अपशकुन असेल तो माझ्या माथी येऊ दे!"

त्याने औषधांची खोकी खडकाआड रचली, रिकाम्या टोपलीत बिमलाला बसवले, पट्टा कपाळाला लावला आणि माझे टोक शिंगमोच्या दिशेने वळवले.

खालची वाट म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी. थोडे उतरून त्याने पहिल्यांदा मला टोपलीखाली लावले. माझी चीर करकरली. दुसऱ्यांदा आणखी उघडली. मी मोडले असते तर टोपली, बिमला आणि उर्ग्येन तिघेही दरीत गेले असते. तोल सांभाळत उर्ग्येन मोठ्याने बोलत होता, "डॉक्टरीणबाई, झोपू नका! शिव्या द्या मला, पण बोला!" टोपलीतून नुसते कण्हणे येत होते. मग तेही थांबले.

नदीचा आवाज ऐकू येऊ लागला, तेव्हा तिसऱ्यांदा मी करकरले. या वेळी ते उर्ग्येनलाही ऐकू आले. त्याने मला काढून पाहिले आणि चिरेवरची काजळी अंगठ्याने पुसली.

"दादा," टोपलीतून बारीक आवाज आला. "काठी मोडलीये का? माझ्या झोळीत पट्टी आहे. घट्ट बांधा. सैल बांधाल तर काही उपयोग नाही."

उर्ग्येनने टोपली भिंतीला टेकवली आणि तो लहान मुलासारखा रडला. वेड्यासारखी बडबडणारी पोर शुद्धीवर येऊन त्याला काम सांगत होती! त्याने रडत रडतच माझ्या मानेला पट्टी गुंडाळली. शेवटच्या उजेडात आम्ही शिंगमोला पोहोचलो. तोवर मी मोडले नाही. मित्रांनो, कशी मोडले नाही ते मला अजून कळलेले नाही.

पौर्णिमेला लुरीचे लोक माथ्यावर आले. खोकी दिसली, माणसे नाहीत, म्हणून ते घाबरून खाली शोधत आले. बिमला तेव्हा चुलीपाशी बसून सातूची पेज पीत होती. अंगात पुरता जोर आल्यावर, चार दिवसांनी, तिला त्यांनी पलीकडे नेले. उर्ग्येन घरी परतला आणि त्याने यांगझोमला सगळे खरे सांगितले. ती भांडलीही नाही. तिने फक्त मला मांडीवर घेतले आणि माझ्या चिरेवरून कितीतरी वेळ हात फिरवला.

आता माझ्यावर भार टाकत नाहीत. गावातून कुणी खिंडीकडे निघाले की मात्र दोरे अजून माझ्यावरच बांधतात. फुन्छोक म्हातारा मग माझ्यापुढे हात मागे बांधून उभा राहतो, चुकूनही शिवत नाही. प्रस्थान आता टोपीचे ठेवतात.

मित्रांनो, शकुन पाहा, मुहूर्त पाहा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण बरोबरच्या माणसाचे डोके दुखते का, ते आधी विचारा. वाट पायांनी चालायची असते, काठीच्या हिशेबाने नव्हे. आणि चुलीमागे पडलेली जुनी वस्तू हाती घ्याल तेव्हा काजळी पुसून तिची मान एकदा उजेडात धरा. कदाचित ती घाबरलेली असेल.