तुळईला ठोकलेलं नाणं

कोर्बिनियानने हातातलं भिंग टेबलावर आपटलं. "कुठल्या हरामखोराने ओतलंय हे? हात झडले पाहिजेत त्याचे!"

त्याची थोरली बहीण वाल्ली चुलीपाशी बटाट्याचे गोळे वळत होती. "ओरडू नकोस. गोळे फुटतात माझे," ती म्हणाली.

ओरडणार नाही तर काय करणार? जन्मभर ह्या माणसाने केल्टांची, म्हणजे इथल्या प्राचीन टोळ्यांची, नाणी जमवली, पारखली, आणि स्वतःच्या घरातल्या तसल्या नाण्याला मात्र वाल्लीने कधी हात लावू दिला नाही. आमच्या बव्हेरियात केल्टांच्या त्या खोलगट सोन्याच्या नाण्याला इंद्रधनुष्याची वाटी म्हणतात. धनुष्य जमिनीला टेकतं तिथे ती सापडते, असं जुनी माणसं सांगायची. ह्या भावंडांच्या आजीला घरातली वाटी नांगरटीत सापडली होती, आणि तेव्हापासून ताप उतरावा म्हणून ती घरातल्या प्रत्येक तापलेल्या पोराच्या उशाखाली जायची. शेवटी नाकदुऱ्या काढून आज ती कोर्बिनियानच्या हाती आली. संध्याकाळी खानावळीत दाखवतो म्हणून हा शहाणा आठवडाभर गावात मिरवत होता. घ्या आता!

खरं नाणं हातोड्याने ठोकलेलं, त्याच्या कडेला बारीक चिरा असतात. ह्याची कड गुळगुळीत होती, एका जागी कानस फिरवल्याची खूण, पोटात बुडबुड्यांचे टाचणीएवढे खड्डे, आणि वजनही कमी. शेंबडं पोरदेखील सांगेल, ओतलेलं आहे.

आणि खानावळीतला नियम कोर्बिनियाननेच घातलेला. खोटं नाणं सापडलं की खिळा मारून तुळईला ठोकायचं, म्हणजे पुन्हा कुणाला फसवणार नाही. क्विरिन सुताराने बाप गेल्यावर त्याच्या घड्याळाच्या साखळीतलं नाणं दाखवायला आणलं होतं. बिअरचा फेस खाली बसायच्या आत ह्याने "खोटं!" म्हणून सांगितलं आणि हातोडा मागवून ते तुळईला ठोकलं. क्विरिन तेव्हापासून त्याच्याशी सरळ बोललेला नाही.

"हात झडो म्हणू नकोस," वाल्ली हात पुसत म्हणाली. "दातांचा डॉक्टर होता बिचारा. आईनेच करून घेतलं त्याच्याकडून."

"आईने? काय बरळतेस?"

"युद्ध संपल्यानंतरचा तो उपाशी हिवाळा. बाबा रशियात कैदेत. तू पाळण्यात, श्वास लागलेला, ओठ निळे. औषध होतं फक्त एका अमेरिकन शिपायाकडे, आणि तो काही धर्म करायला बसला नव्हता. आईने त्याला वाटी दिली. पण आजीला कळलं असतं तर तिने आईला घराबाहेर काढलं असतं. म्हणून देण्याआधी डॉक्टरकडून साचा काढून घेतला."

"आणि सोनं कुठलं?"

"लग्नातली अंगठी. ती पुरेना, मग स्वतःचा सोन्याचा दात उपटून घेतला. समोरचा."

कोर्बिनियानने वाटी पुन्हा हातात घेतली. अंगठी नदीत पडली, असं आई सांगायची. आणि एकूण एक फोटोत तिचा हात तोंडावर. त्याला वाटायचं, लाजते.

"हे मला आत्ता सांगतेस?" तो एकदम उसळला.

"आईची शपथ होती. आणि तू ऊठसूट लोकांचं खरं-खोटं करत हिंडणारा! तुला काय सांगायचं?"

कुणावर चिडावं हेच कळेना, त्यामुळे त्याचा आणखीच तिळपापड झाला. गोळे न खाताच तो निघाला.

खानावळीत क्विरिनने हातोडा आणि खिळा टेबलावर मांडूनच ठेवला होता. "या न्यायाधीश! दाखवा घराण्याचं सोनं."

खरं आहे म्हणाला असता तर तिथे कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण जन्मात न बोललेलं खोटं ऐन वेळी जिभेवर यायचं कुठून?

"ओतलेलं आहे," कोर्बिनियान म्हणाला. "खोटं."

क्विरिनला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "अरे वा! आण इकडे. घाल भोक."

"नाही."

"का? माझ्या बापाच्या नाण्याला घातलंस तेव्हा काही वाटलं नाही! आता स्वतःवर आलं की मिरच्या झोंबल्या?"

कोर्बिनियानने खिशातली वाटी मुठीत आवळली. "तुझ्या बापाकडे ते आलं कुठून होतं?"



"इतक्या वर्षांनी विचारतोस होय?" क्विरिनचा आवाज चिरकला. "तेव्हा सांगायलाच आलो होतो. तू तोंड उघडू दिलं नाहीस."

कोर्बिनियानने खुर्ची ओढली, गुडघ्यांना शिव्या देत वर चढला आणि हातोड्याच्या मागच्या चिमट्याने तुळईवरच्या क्विरिनच्या बापाच्या नाण्याचा खिळा उपसू लागला. खिळा गंजलेला, हलेना. "निघ की रे मेल्या!" म्हणत त्याने सगळा भार टाकला, तेव्हा कुठे तो सुटला. खाली उतरून त्याने नाणं क्विरिनपुढे धरलं.

"खोटंच आहे," तो म्हणाला. "घरी ने."

क्विरिनने नाणं घेतलं, बाहीने पुसलं आणि दिव्यासमोर धरलं. भोकातून उजेडाचा ठिपका त्याच्या गालावर पडला.

"आणि ह्या भोकाचं काय करू?" त्याने विचारलं.

"आधी सांग, ते आलं कुठून होतं," म्हणत कोर्बिनियान खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला.