वाऱ्याची भाची, पाण्याची लेक

मी खरेपणाची देवी बोलतेय. नाव ऐकून सावरून बसू नका, मी कोणाचं काही उघडं पाडायला आलेली नाही. मी फार जुनी आहे. इतकी, की माझी पूजा करणारे गेले आणि त्यांच्यामागून ती पूजा विसरणारेही गेले. आता कोणी काही विचारत नाही, त्यामुळे निवांत सांगता येईल.

त्या काळी देवांची दोन कुळं होती, एक वाऱ्याचं आणि एक पाण्याचं.

वारेवाले डोंगरमाथ्यावर राहत. त्यांच्या घरांना भिंती होत्या, पण एकाही दाराला झडप नव्हती. आत लांबच लांब दोऱ्यांवर वारे टांगलेले असत, दणकट एका बाजूला आणि तलम दुसऱ्या बाजूला. कोणी जोरात शिंकलं तरी दोनचार सुटून जात आणि मग ते गोळा करत दिवस जाई. पाणीवाले समुद्राकाठच्या खोलगट घरांत राहत. तिथे काही ना काही सतत भिजत पडलेलं असे. लाटा घडवायच्या कामात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मीठ दे म्हणायचं तरी ओरडून.

वारेवाले म्हणत, पाणीवाले गबाळे. पाणीवाले म्हणत, वारेवाले पोकळ. तरी दोघांचं कामापुरतं जमत होतं, कारण ढग कोणा एकट्याला करता येत नाही.

माझी आई वाऱ्याची आणि बाबा पाण्याचे. ढग करता करताच त्यांचं जुळलं. लग्नाला दोन्हीकडचे आले आणि दोन्हीकडचे रुसून गेले. मी जन्मले तेव्हा मात्र सगळे पुन्हा धावले. मी कोणावर गेले, हे ठरवायचं होतं. आत्या म्हणाली, डोळे आमचे. मामा म्हणाला, केस बघा ना, उडतायत कसे. मी बोलायला लागले आणि मग कोणी तो विषय काढेना. आपल्यावर गेली, असं म्हणायची दोन्ही घरांना भीती वाटू लागली.

मी हुशार होते असं नाही. खोट्याकडे माझी जीभ वळत नसे, इतकंच. आत्यानं एक नवी लाट केली आणि पाहुण्यांसमोर मला विचारलं, "कशी आहे गं?" मी म्हटलं, "गेल्या वेळचीच आहे, फक्त फेस जास्त घातलाय." पाहुणे आपापल्या वाटीत बघत बसले. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ती लाट उसवून पुन्हा करायला घेतली. घरात माझं नाव 'खरी' पडलं.

मामाला माझं भारी कौतुक. तो सगळ्या वाऱ्यांचा मुकादम, अंगानं आडवातिडवा, हसला की दोऱ्या हलत. मला खांद्यावर घेऊन तो दोन्ही कुळांत मिरवायचा. "भांडू नका, आमच्या भाचीला विचारा," म्हणायचा. आणि लोक खरंच विचारू लागले. ढग कोणी आधी उचलला, ओढा कोणाच्या हद्दीत वाळला, अशी भांडणं घेऊन दोन्हीकडचे किनाऱ्यावर येत. मी पाहिलं असेल तेवढं सांगे. पाहिलं नसेल तर "मला माहीत नाही" म्हणे. तेही त्यांना पुरत असे.

आत्याला एकच मुलगी होती. छोटीशी नदी. सगळे तिला धाकटी म्हणत. दगडांशी गप्पा मारायची, वळण नसेल तिथे वळायची, स्वस्थ म्हणून बसायची नाही. मामाला तीही मामाच म्हणे.

त्या दिवशी मी डोंगराच्या सोंडेवर बसले होते. खाली धाकटी मामाच्या मागे लागली होती. "मामा, मला उचल ना. त्या पलीकडच्या डोंगरावरून आपला समुद्र कसा दिसतो, ते मला बघायचंय."

"अगं, मध्ये वाळवंट आहे."

"तुला जमणार नाही का?"

मामाला हे म्हणायचं नसतं. त्यानं बाह्या सारल्या, तिला अलगद वाफ करून हातांवर घेतलं आणि निघाला. ती इतकी हसत होती की मला वरपर्यंत ऐकू येत होतं. वाळवंट लागलं. अर्ध्यावर मामाचे खांदे उतरले. मी बघत होते. त्यानं एकदा हात बदलला, पुन्हा बदलला. मग ती सुटली.

मी उठून धावले, पण ते अंतर माझ्या पायांचं नव्हतं, माझ्या हाकेचंही नव्हतं. वाळूनं तिला क्षणात पिऊन टाकलं. मामा तिथे घिरट्या घालत राहिला. पाण्याकडच्यांना हाक मारली असती तर ते धावत आले असते, एखाद्या वेळी तिचा थेंब तरी हाती लागला असता. पण मामा मागे वळला आणि घरी गेला. विचारलं तेव्हा म्हणाला, "ती ऐकते का कोणाचं? स्वतःच उडी मारली."

दोन्ही कुळं किनाऱ्यावर जमली. पाणीवाले म्हणाले, मामानं तिला मुद्दाम मारलं. वारेवाले म्हणाले, पोर स्वतःच्या हट्टानं गेली. मग मामाचीच सवय सगळ्यांना आठवली आणि सगळे माझ्याकडे वळले.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "तो माझा भाऊ आहे, खरी." बाबा दुसऱ्या बाजूला होते. त्यांचा हात माझ्या पाठीवर जड झाला.

मी पाहिलं ते सांगितलं. उचल म्हणून तीच मागे लागली होती. मामानं मुद्दाम सोडलं नाही, त्याचे हात थकले. पण सुटल्यावर त्यानं कोणाला हाक मारली नाही, आणि नंतर सांगितलं ते खोटं होतं.

कोणाचंच समाधान झालं नाही. "म्हणजे माझ्याच पोरीची चूक?" आत्या म्हणाली. "म्हणजे आमचा मुकादम खोटारडा?" वारेवाले म्हणाले. दोघांनीही माझ्या बोलण्यातलं अर्धं अर्धं उचललं आणि ते घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले.

युद्धाची वर्णनं मी करणार नाही. वादळं झाली, पूर झाले, आणि मग त्याहून वाईट झालं. वारा पडला, पाणी हटलं, ढग बंद झाले. आई डोंगरावर निघून गेली, बाबा समुद्रात उतरले. जाताना दोघांनीही मला ये म्हटलं, पण एका अटीवर. आईकडे जायचं तर मामाचा खोटेपणा गिळायचा. बाबांकडे जायचं तर तो खुनी होता म्हणायचं. मी किनाऱ्यावर राहिले.

तिथे एक मिठागर होतं. मिठागरवाली बाई आणि तिचा नवरा, दोघंच. मला वाफ्यांच्या बांधावर बसलेली बघून बाई म्हणाली, "काम येतं का काही?"

"नाही."

"बरं झालं. येतं म्हणणाऱ्यांनीच आजवर माझे बांध फोडलेत." तिनं माझ्या हातात लाकडी फावडं दिलं.

मिठाला पाणी लागतं आणि मिठाला वारा लागतो. युद्धात दोन्हींचा भरवसा गेला. कधी भरती येईचना, कधी आली तर तयार झालेलं सगळं मीठ वाहून नेई. ऊन होतं म्हणून थोडंफार पदरात पडे. घेणारा आला की विचारी, "मीठ कसं आहे?" मी म्हणे, "खाली माती आहे." नवरा कपाळाला हात लावायचा. "हिला आत बसवत जा गं," म्हणायचा. बाई म्हणायची, "असू दे. निदान वर नाही म्हणाली."

त्या दोघांकडे माझी बरीच वर्षं गेली. ती म्हातारी होत गेली. मी कोण आहे हे बाईनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावंच लागलं असतं, हे तिला कळलं असावं.

एका दुपारी बांधावर मामा आला. मी ओळखलंच नाही. एवढासा झाला होता, पान हलवण्यापुरता. माझ्याजवळ बसला. पलीकडे बाई मीठ ओढत होती.

"खरी," तो म्हणाला, "एक शब्द फिरव. म्हण, ती निसटली. कोणी सोडली नाही, कोणी उडी मारली नाही, निसटली. मग दोन्हीकडचे हत्यारं खाली ठेवतील. तुझी आई घरी येईल."

खरं सांगते, आईचं नाव निघाल्यावर मला रडू आलं. "जीभ वळत नाही रे मामा," मी म्हटलं. "तूच का नाही सांगत, हात थकले म्हणून?"

"मी? सगळ्या वाऱ्यांचा मुकादम मी. एका एवढ्याशा नदीनं थकलो म्हणू?"

मिठागरवाली ओढता ओढता थांबली. आवाज तिला ऐकू येत होता, माणूस दिसत नव्हता. पण बाईला त्याचं काही वाटलं नाही. "थकायला काय झालं?" ती म्हणाली. "आम्ही रोज थकतो. हे बघ, दुपारचंच बसले की नाही खाली?" आणि खरंच फावडं टाकून ती बांधावर टेकली.

मामानं तिनं टाकलेल्या फावड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तिचं वजन काहीच नव्हतं गं. वाळवंटावर मात्र मला कसला आधार लागेना." हे त्यानं प्रथमच कोणाला तरी सांगितलं.

तो उठला तो सरळ पाण्याकडे गेला. मी मागे गेले. पाणीवाल्यांनी त्याला पायरीवरच अडवलं. आतून आत्या आली. तीही आटली होती, आवाजसुद्धा खाली आला होता.

"माझे हात थकले," मामा म्हणाला. "मी सोडलं नाही, पण माझ्याच हातून सुटली. तुम्हाला हाक मारायला हवी होती. लाज वाटली, म्हणून मारली नाही."

 आत्यानं माझ्याकडे बघितलं. "तेव्हा सगळ्यांसमोर मला विचारवलं नाही," ती म्हणाली. "खरी, ती घाबरली होती का?"

त्या क्षणी मला वाटलं, आपली जीभ झडून जावी. मी तिच्याजवळ गेले, पायरीवर बसले, तिलाही बसवलं. "वाळवंट लागेपर्यंत नाही," मी म्हटलं. "तोवर नुसती हसत होती. सुटली तेव्हा घाबरली. तिनं तुला हाक मारली."

"काय म्हणाली?"

"आई म्हणाली."

आत्या रडली नाही. माझ्या हातात हात देऊन बसून राहिली. मामा खाली उभाच होता. कोणीतरी त्याला जा म्हणालं, तरी तो गेला नाही.

बऱ्याच वेळानं आत्या उठली. युद्ध सुरू झाल्यापासून ती मामाला अरे-तुरे करत होती. तेव्हा मात्र पूर्वीसारखं म्हणाली, "तुम्हाला ती जागा माहीत आहे ना?"

"आहे."

"मग मला उचला. तिथवर न्या. या वेळी सोडू नका."

मामाचा चेहरा पडला. "थकलो तर?"

"थकलात तर सांगा. थांबू."

मी किनाऱ्यावरून बघत होते. त्यानं तिला वाफ करून हातांवर घेतलं. हळूहळू वर चढवलं. वाळवंटाच्या तोंडाशी तो थांबला, मग पुन्हा थांबला. वारेवाले माथ्यावर गोळा झाले होते, पाणीवाले काठावर. कोणी हत्यार उचललं नाही. फार दूर ढगाचा एक काळा ठिपका झाला आणि तो वाळूवर सावकाश, अगदी सावकाश रिता झाला. आत्या धाकटीजवळ पोचली होती.

युद्ध असं संपलं. तह वगैरे झाला नाही. आत्यानं मामाला माफ केलं का, ते मला माहीत नाही. तिनं तसं म्हटलं नाही. ती वाळूतून पाझरत परत यायला फार दिवस लागले. आल्यावर तिनं भरती-ओहोटी पुन्हा वेळेवर लावली. पुढे अधूनमधून ती मामाला निरोप धाडी आणि दोघं निघत. वाटेत एक शब्द बोलत नसत, असं वारे सांगतात. त्या जागी आता थोडं गवत आहे.

आई परत आली. बाबा नाही आले. त्यांनी खोल समुद्रातच राहायचं ठरवलं होतं, आणि मला त्यांचा राग नाही.

पुढे कुळं पांगली. माणसांनी वाऱ्याची नि पाण्याची गणितं मांडली, देवांना कामं उरली नाहीत. मिठागरवाली गेली, तिचा नवरा गेला. मी अजून याच किनाऱ्यावर असते, कधी कोणाच्या दुकानात, कधी दवाखान्याच्या बाकावर, जागा मिळेल तिथे.

निघण्याआधी एक मागते. कोणाला हरवण्यासाठी मला बोलावू नका, त्या कामी मी निरुपयोगी आहे. माझ्या तोंडून दोन्हीकडचं थोडं थोडं निघतं आणि बोलावणाऱ्याचीच पंचाईत होते. पण कोणाचं माणूस गेलं असेल आणि मागे राहिलेला तुम्हाला विचारील, शेवटी काय झालं, तर गोड काही रचू नका. आधी त्याच्याजवळ बसा. मग पाहिलं तेवढं सगळं सांगा. आणि सांगून झालं की लगेच उठू नका.