कुणाच्या बाजूचं संगीत

बंगळुरूत आल्यापासून सुखदाने पुष्कळ संगीत केलं होतं, पण ते लक्षात राहावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पार्सल दारात आलं की फोनमधून वाजणारे चार सूर, हेल्पलाइनवर ताटकळणाऱ्यांसाठी सतारीचा तुकडा, दागिन्यांच्या जाहिराती. नवऱ्याच्या नोकरीपायी ती पुण्याहून इथे आली होती. जे. पी. नगरच्या फ्लॅटमधली एक खोली तिने भिंतींना गाद्या ठोकून आवाजबंद करून घेतली होती, आणि तिथे बसून सांगितलेलं काम ती वेळेत करून देई. म्हणून पद्मनाभअण्णांनी सिनेमाचं पार्श्वसंगीत कराल का असं विचारलं, तेव्हा तिने आनंदापेक्षा सवयीने हो म्हटलं.

अण्णा राजाजीनगरचे. घराणं मराठी, पण इथे येऊन चार पिढ्या झालेल्या. घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड. आयुष्यभर त्यांनी कन्नड मालिका काढल्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर मालिका सोडून त्यांनी हा एक सिनेमा केला होता. गोष्ट साधी होती. आई गेल्यावर दोघे भाऊ वडिलोपार्जित घर वाटून घेतात आणि मधोमध भिंत घालतात.

ही गोष्ट त्यांचीच आहे हे सुखदाला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. बैठकीच्या खोलीतली भिंत थेट खिडकीवर येऊन थांबली होती. खिडकीचं एक दार अण्णांकडे, दुसरं पलीकडे. पलीकडे धाकटे भाऊ विनोदकुमार आणि त्यांची बायको रूपश्री राहत. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या इकडे स्पष्ट ऐकू येत होत्या. भावाभावांत बोलणं नव्हतं. आईचं, शारदाबाईंचं, वर्षश्राद्धसुद्धा दोघांनी आपापल्या बाजूला केलं होतं, हे अण्णांनी कॉफी देता देता सांगितलं. हवापाण्याचं सांगावं तसं.

संगीत कुठे हवं याबद्दल त्यांच्या मनात जराही गोंधळ नव्हता. थोरला भाऊ आईची ट्रंक उघडतो, तिथे हवं. थोरला एकटा जेवतो, तिथे हवं. थोरला गच्चीवर उभा राहतो, तिथेही. धाकटा कंत्राटदाराशी बोलतो, जेवतो, बायकोशी वाद घालतो, तिथे नुसते घरातले नि रस्त्यावरचे आवाज. दुसऱ्याच बैठकीत हे सुखदाच्या ध्यानात आलं आणि तिने विचारलं.

"तो माणूसच कोरडा आहे, अक्का," अण्णा म्हणाले. "त्याला सूर शोभत नाही."

तिने पुढे वाद घातला नाही. सिनेमा दिग्दर्शकाचा असतो. प्रेक्षकाने कुणासाठी हळहळायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच, आणि ते काम संगीताइतकं बिनबोभाट दुसरं काही करत नाही, हे तिला जाहिरातींनी केव्हाच शिकवलं होतं.

भिंतीच्या प्रसंगावर मात्र तिने जीव ओतला. गवंडी विटा रचतो आहे, दोन्ही बाजूंना भाऊ उभे आहेत, आणि थोरल्याचा चेहरा विटांआड हळूहळू नाहीसा होतो. त्यासाठी तिने चेलोचा एक संथ तुकडा लिहिला. इतकं चांगलं आपल्या हातून पूर्वी काही झालं नव्हतं हे तिला लिहितानाच कळत होतं. रेकॉर्डिंग संपल्यावर वाजवणाऱ्याने आपण होऊन, आणखी एकदा वाजवू का, म्हणून विचारलं. अण्णांनी ते प्रसंगावर लावून ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

सिनेमा जवळजवळ पुरा झाल्यावर जयनगरच्या एका छोट्या हॉलमध्ये ओळखीच्या माणसांसाठी खेळ ठेवला होता. अण्णांनी रूपश्रीमार्फत भावालाही निरोप धाडला होता. "त्याने एकदा बघावं," एवढंच ते सुखदाला म्हणाले. तेव्हा तिला उमगलं, की एवढा खटाटोप एका माणसाला दाखवण्यासाठी आहे. बाकीचे प्रेक्षक साक्षीला.

विनोदकुमार रूपश्रीला घेऊन आले. अंगकाठी, कपाळ सगळं अण्णांसारखंच. शेवटपर्यंत बसले. भिंतीच्या प्रसंगाला हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले, आणि सुखदाला ते ऐकून बरं वाटलं, हेही खरंच. नंतर बाहेरच्या व्हरांड्यात सगळे अण्णांशी हात मिळवत असताना विनोदकुमार बाजूला थांबले. गर्दी पांगली तेव्हा ते पुढे आले.

"अण्णा, सिनेमा चांगला आहे," ते शांतपणे म्हणाले. "खोटं काही दाखवलं नाहीस. मी बोललो होतो तेच तो बोलतो. पण तू जेवायला बसलास की सूर लागतात, आणि मी जेवायला बसलो की नुसती भांडी वाजतात. आई माझीही गेली होती."

विनोदकुमार थोडे थांबले, मग "सरी, बरं, येतो" म्हणून निघाले. रूपश्रीने सुखदाकडे बघून ओळखीचं हसल्यासारखं केलं आणि त्यांच्या मागोमाग गेली.

पुढे बरेच दिवस अण्णांचा फोन नाही. आला तेव्हा आवाज खाली होता. धाकट्यालाही थोडं संगीत देऊ या, म्हणाले. "फार नको. स्वल्प."

सुखदाने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. धाकट्याच्या जेवणावर बासरी घातली, तर तो कीव मागतोय असं वाटू लागलं. ती काढून सारंगी घातली, तर त्याहून वाईट. आता दोन्ही भाऊ एकाच कोर्टात दोन वकील लावून बसल्यासारखे झाले होते, आणि बघणाऱ्याला दोघांचाही कंटाळा येत होता.

मग एका सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर तिने भिंतीचा प्रसंग लावला आणि स्वतःचा चेलो बंद केला. काही सिद्ध करायचं नव्हतं; कान शिणले होते, एवढंच. थापीचा खरखरीत आवाज, वीट बसवताना होणारी टकटक, शेजारच्या कुकरची शिट्टी. आणि तिला काहीतरी दिसलं. हा प्रसंग आपण इतक्या वेळा पाहिला आणि हे दिसलं कसं नाही, असं वाटून तिने तो पुन्हा लावला.

विटांआड जाण्याआधी थोरला भाऊ वाकतो. चेलो चालू असताना तो दुःखाने खचल्यासारखा दिसे. चेलोशिवाय तो नुसता वाकत होता. त्याची नजर भावाकडे नव्हतीच. भिंतीची रेघ धरायला गवंड्याने ताणलेल्या दोरीकडे होती. बोटाने तो ती दोरी किंचित पलीकडे सारत होता, आणि मग सरळ उभा राहत होता.

तिने अण्णांना बोलावून घेतलं. ते आले, गाद्यांच्या खोलीत बसले, आणि तिने काहीही न सांगता प्रसंग दाखवला. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"नटाला वाकायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी वाकलो होतो, म्हणून."

"कशासाठी वाकला होतात, अण्णा?"

ते पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले. "दोरी माझ्या बाजूला आली आहे, असं मला वाटलं होतं," ते अखेर म्हणाले. "मोजून बघितलं नाही."

थोड्या वेळाने त्यांनी चेलो परत घालायला सांगितला आणि ते चहा न घेता गेले. सुखदाने तो परत घातला. दिग्दर्शक म्हणतो ते करायचं, हे तिचं धोरण अजून बदललं नव्हतं.

निर्णय बदलला तो अण्णांनीच. मिक्सिंगच्या आदल्या आठवड्यात त्यांनी स्टुडिओत बोलावलं आणि एकेक जागा काढायला लावली. ट्रंक, जेवण, गच्ची. भिंतीपाशी आल्यावर ते तिच्याकडे वळले. "तुमचं सगळ्यात चांगलं काम हेच आहे, हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. ती म्हणाली, काढा. फार वाईट वाटेल अशी तिची समजूत होती. तितकं वाटलं नाही, आणि घरी जाताना ऑटोत तिला त्याचंच जरा आश्चर्य वाटत राहिलं. शेवटी नावं येतात तिथलं संगीत तेवढं उरलं. श्रेयनामावलीतून माझं नाव काढा, असं तिने सुचवलं, पण अण्णांनी ऐकलं नाही.

सिनेमा दोन थिएटरांत आठवडाभर चालला. एका वर्तमानपत्राने पार्श्वसंगीतातल्या संयमाची तारीफ केली. सुखदाच्या आईने पुण्याहून फोन करून विचारलं, की संयम म्हणजे नेमकं काय केलंस, आणि सुखदाने खरं ते सांगितलं. मग कौतुक कसलं, असं आई म्हणाली. सुखदालाही तेच वाटत होतं.

शेवटच्या दिवसांत एका दुपारच्या खेळाला ती सहज गेली होती. अण्णा बाहेर उभे होते. रोजच उभे असत म्हणे. खेळ सुटला आणि तुरळक माणसांतून विनोदकुमार बाहेर आले. एकटे होते. ते आधी सुखदाकडे आले.

"ती दोरी," ते म्हणाले, "मला भिंत घातली त्या दिवशीच दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"दोन बोटांसाठी काय बोलायचं, म्हटलं." त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. "नंतर बाकीचंही बोलणं राहिलं."

अण्णा चार पावलांवर होते. त्यांना ऐकू गेलं की नाही हे सुखदाला कळलं नाही. विनोदकुमार त्यांच्यापाशी गेले. सिनेमाबद्दल काही बोलणं झालं नाही. गच्चीवरची टाकी गळते आहे, ओल दोन्हीकडे उतरते आहे, प्लंबर उद्या येतोय, तर अण्णांनी सकाळी घरी असावं, असं त्यांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, असेन. विनोदकुमार आपल्या स्कूटरकडे गेले, आणि ती सुरू होईपर्यंत अण्णा तिकडेच बघत होते.

भिंत तशीच आहे. ती पाडायची गोष्ट दोघांपैकी कुणी काढली नाही, आणि काढतील असंही वाटत नाही. पण टाकी दोघांनी मिळून बदलली, असं रूपश्रीने नंतर सुखदाला फोनवर सांगितलं.

सुखदाला त्या वर्षी आणखी एक सिनेमा मिळाला. त्या दिग्दर्शकाला पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत वाद्यवृंद हवा होता. कामाला बसण्यापूर्वी तिने त्याच्याकडून अख्खा सिनेमा एकदा संगीताशिवाय मागून घेतला, दार लावून पाहिला, आणि मग हवा होता तेवढा वाद्यवृंद लिहून दिला.